निरोगी (तालुका स्तर)

सन्मती मगदूम शेवटी आजारी पडला, आणि त्याची बायको त्याच्या उशाशी येऊन राहिली. एवढं सांगून झालं. आता यातलं काहीही घडलेलं नाही असं धरून पुढे चला, कारण निरामय आयुक्तालयानं तसंच धरलेलं आहे आणि सरकारी दप्तराशी भांडून अजून कुणी जिंकलेलं नाही.

तर, जे अधिकृतरीत्या घडलं तिथून सुरुवात.

निंबोळे गावच्या सहकारी दूध संघात सन्मती टँकर चालवायचा. पंचविशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं किरकोळ, थंडी सुरू झाली की शिंका, थंडी संपली की खोकला. त्याची बायको राजमती हायस्कुलात खेळाची बाई होती. पूर्वी जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघात होती, आणि अजूनही तिनं शिट्टी फुंकली की बाजारपेठेतली गाढवंसुद्धा रांगेत उभी राहायची. घराचा जिना चढताना सन्मती मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा. राजमती तोच जिना खांद्यावर सिलिंडर घेऊन चढायची आणि वरून विचारायची, "अहो, आज तिथी कंची हाय?"

संसार असा मजेत चालला असताना निरामय पट्टा आला.

घड्याळासारखा मनगटावर बांधायचा पट्टा. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालच्या पाण्यातून सायटोकाइन नावाची प्रथिनं मोजायच्या. सायटोकाइन म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी एकमेकांना धाडलेले निरोप. कुठे जंतू शिरला, कुठे खरचटलं, की एक पेशी दुसरीला कळवते : इकडे या, माणसं घेऊन या. काम झालं की वेगळं प्रथिन निघतं : बास, आता घरी जा. 'या या' म्हणणारे निरोप वाढले, की आत काहीतरी बिघडलंय हे ताप यायच्या आधीच कळतं. पट्टा हे निरोप मोजायचा आणि निरोगी माणसाच्या आकड्याशी ताडून बघायचा. जुळले तर हिरवा दिवा. नाही जुळले तर लाल.

कल्पना खरोखर चांगली होती. पट्टा सक्तीचा झाला त्या सकाळी सगळा महाराष्ट्र लाल झाला.

आयुक्तालयानं लगेच पत्रकार परिषद घेऊन स्वतःचं अभिनंदन केलं. एवढं मोठं आजारपण इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. लोकांनीही फार वाद घातला नाही. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला साहेब आवडत नव्हता, सगळ्यांनाच 'तरीच!' म्हणायची सोय झाली.

निंबोळे तालुक्यात एकच दिवा हिरवा लागला. तो लागला तेव्हा सन्मती शिंकत होता.

आता अख्खं राज्य आजारी म्हणून घरी बसवता येत नाही. त्यामुळे नियम निघाला : लाल नागरिकांनी कामं करावीत, पण शाळेचं स्वयंपाकघर, एसटी, दवाखाना, मंगल कार्यालय, दूध संकलन अशा ठिकाणी एक हिरवा माणूस हजर असावा. त्यानं करायचं काहीच नव्हतं. फक्त दिसेल असं बसायचं. या पदाला नाव मिळालं 'निरोगी', आणि सन्मतीच्या नेमणुकीच्या कागदावर कंसात 'तालुका स्तर' असं आलं.

सन्मतीबरोबर एक खुर्चीही नेमली गेली. पहाटे दूध संकलन, मग पोरांची खिचडी शिजेपर्यंत शाळा, मग दवाखाना, दुपारी कुणाचं तरी लग्न. तो आल्याशिवाय भटजी अंतरपाट धरायचे नाहीत. पोरं त्याला 'निरोगीकाका' म्हणायची. एकदा खुर्चीत बसल्या बसल्या त्याला ठसका लागला, तेव्हा वऱ्हाडी कौतुकानं म्हणाले, "बघा, निरोगी खोकला कसा असतो."

त्यानं हेही सहन केलं असतं. पण दुसरा नियम होता : हिरव्यानं कामाच्या वेळा सोडून लालाजवळ येऊ नये आणि त्याच्याबरोबर एका छपराखाली झोपू नये. राज्यात निरोगी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांची नासाडी परवडणारी नव्हती. सन्मतीची रवानगी दूध संघाच्या विश्रामगृहात झाली. दाराशी राखणीला दादू नावाचा पहारेकरी, तोही लाल, म्हणून सहा हात लांब स्टुलावर.

राजमती रोज डबा घेऊन फाटकाशी यायची. डबा दादूकडे, दादूकडून खिडकीत, आणि बोलणं मोठ्यानं.

"अहो, झोपला का रात्री?"

"डास हायत गं. तुझा दिवा कसा हाय?"

"लालभडक. तालुक्यात माझ्यायेवढा लाल कुणाचा न्हाई म्हणं. काल मुलींबरोबर मैदानाला वीस फेऱ्या मारल्या, तर हेडमास्तर म्हणले, मगदूमबाई, बसा वो, तुम्ही लई आजारी हाईसा."

"मग बसलीस?"

"त्यांनाच बसवलं. धावत माझ्यामागं आल्ते, धाप लागलेली."

सन्मती हसला. मग दोघांनी दादूकडे बघितलं. दादू स्टुलावरून म्हणाला, "चालू द्या, मी ऐकत न्हाई," आणि कान पुढे केला.

या सगळ्याचं मूळ सापडलं ते दूध संकलनाच्या वेळी. सन्मतीची थोरली बहीण सुनंदा, म्हणजे आक्का, संघात दुधाचे नमुने तपासायची. त्या दिवशी सन्मती शेजारी खुर्चीत बसून निरोगी असण्याचं काम करत होता आणि नशिबाला शिव्या देत होता.

"अख्ख्या तालुक्यात मलाच का हिरवा लागावा, आक्का?"

"तुला न्हाई लागायचा तर कुणाला?" आक्का नळी हलवत म्हणाली. "निम्म्याहून जास्त रगात तुझंच तर होतं."

"कशात?"

"आरं, त्या किटलीत."

मग आक्कानं सांगितलं, आणि तेही दह्याला विरजण कसं लावायचं हे सांगावं इतक्या सहज.

काही वर्षांपूर्वी चेअरमन आण्णासाहेबांच्या वाढदिवसाला संघाच्या सभागृहात रक्तदान शिबिर होतं. त्याच दिवशी पुण्याच्या एका संशोधन संस्थेला या पट्ट्याचं प्रमाण ठरवायला निंबोळ्यातल्या निरोगी माणसांचं थोडं थोडं रक्त हवं होतं. संस्थेचा माणूस घाटात गाडी बंद पडून अडकला. त्यानं फोनवर आण्णासाहेबांना विनंती केली : शिबिराला आलेल्यांपैकी पन्नासेक जणांचं चमचाभर रक्त आधीच पाठवलेल्या नळ्यांत घ्या, यंत्रात फिरवा, वर येणारं पिवळं पाणी नावं घातलेल्या कुप्यांत भरून बर्फात ठेवा. फिरवायचं यंत्र संघाकडे होतंच. दुधाचं फॅट काढायला तेच वापरतात. आण्णासाहेबांनी काम आक्कावर सोपवलं.

"नळीनळीत टीचभर माल," आक्का म्हणाली. "येवढ्याशानं कुपी भरंना. म्हटलं, सगळ्यांचं पिवळं पाणी एका किटलीत एकत्र करावं, नीट ढवळावं आणि सगळ्यांच्या कुप्या भराव्यात. दुधाचं आपण तसंच करतोय की. टँकरमधनं एक नमुना काढला की गावाचं दूध कळतंय. दर म्हशीला येगळं इचारत बसतंय व्हय कोण?"

"आणि माझं?"

"तू उशिरा आलास. रक्तपेढीची गाडी निघून गेलती, तुझी भरलेली पिशवी टेबलावरच राह्यली. माझ्या भावाचं रगात मी मोरीत वतू? फिरवली आणि तीबी वतली किटलीत. त्यांचं चमचाभर, तुझी पिशवी."

सन्मती खुर्चीतून उठला. तो उठला म्हणून नियमाप्रमाणे दूध संकलन थांबलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पुण्याला गेला. तेवढ्यासाठी तालुक्यातली दोन लग्नं पुढे ढकलावी लागली. संस्थेतल्या डॉ. अनघा टिळेकर यांनी पट्ट्याचं प्रमाण ठरवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि घातलाच नाही.

"निंबोळे," त्या म्हणाल्या. "निंबोळ्याच्या आकड्यांवर मला दोन पुरस्कार मिळालेत."

"काय चुकलं का मॅडम?"

"राज्यभरातून नमुने आले होते. बाकी सगळीकडे गोंधळ. दोन माणसं, दोघंही ठणठणीत, पण एकाचं प्रथिन दुसऱ्याच्या दहापट. आम्हाला वाटलं, लोकांनी नमुने नीट ठेवले नाहीत. फक्त निंबोळ्याचे आकडे बघण्यासारखे. सगळी माणसं एकसारखी! मी सभेत म्हणाले, याला म्हणतात शिस्त. बाकीची केंद्रं आम्ही बाद केली."

"आणि खरं काय असतं?"

"खरं म्हणजे तो गोंधळच खरा होता." त्यांनी कागदावर खूप ठिपके काढले, काही वर, काही खाली. "निरोगी माणसं आतून एकमेकांसारखी नसतात. आनुवंशिकता, वय, वजन, झोप, लहानपणी होऊन गेलेले ताप, सगळ्याचा परिणाम होतो. पण एकाच माणसाला महिन्या-महिन्यानं मोजलं, तर त्याचा आकडा बराचसा तोच राहतो. म्हणून माणसाची तुलना करायची ती त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी. शेजाऱ्याच्या नाही."

"म्हणजे आमची राजमती आजारी न्हाई?"

"तिचं शरीर मोठ्यानं बोलतं, एवढंच. मोठ्यानं बोलणारा माणूस दर वेळी भांडतच असतो असं नाही."

"हे बाकी तिला लागू हाय," सन्मती म्हणाला. "आणि माझं?"

"तुमचं पुटपुटतं. आणि आम्ही सगळ्या राज्याला पुटपुटायला लावलंय."

डॉ. टिळेकर प्रामाणिक बाई होत्या. पुरस्कार परत करण्याची तयारी दाखवून त्यांनी आयुक्तालयाला सविस्तर अहवाल पाठवला. दुर्दैवानं त्या अहवालाची फार गांभीर्यानं दखल घेतली गेली.

आयुक्तालयाचं म्हणणं असं पडलं : निरोगी माणसाचा आकडा नेमका कुणाचा, हे आजवर माहीत नव्हतं. सदर अहवालामुळे तो मुख्यत्वे श्री. सन्मती मगदूम यांचा असल्याचं निष्पन्न झालं, ही समाधानाची बाब आहे. साठवलेला नमुना जुना होत चाललाय, पण मूळ इसम हयात आहे. तरी यापुढे श्री. मगदूम यांचा पट्टा मुख्य यंत्राला थेट जोडावा, आणि त्यांचा रोज सकाळचा आकडा हाच त्या दिवशीचा राज्याचा आकडा मानावा.

"मी लिहिलं होतं की प्रत्येकाचं प्रमाण तो स्वतः," डॉ. टिळेकर फोनवर म्हणाल्या. "त्यांनी एवढंच विचारलं, तो म्हणजे कोण. माफ करा मला, मगदूम."

तेव्हापासून जबाबदारी राज्य स्तराची झाली. पद मात्र तालुका स्तराचंच राहिलं.

राजमतीला हे फाटकातून ओरडून सांगावं लागलं. ती डब्याच्या कडीशी चाळा करत ऐकत होती.

"म्हणजे आता तुम्ही मरेपर्यंत हितंच?"

"तसं लिहिलं न्हाई. 'हयात असेतोवर' लिहिलंय."

"अहो, पाडवा झाला, पंचीम झाली. घरात मी एकटी भिंतीशी बोलतोय." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी ती पुरुषासारखी क्रियापदं लावून बोलायची, आणि रागावली की जास्तच. "कायतरी करा. न्हाईतर मी ही भिंत वलांडून येतो."

ती ओलांडू शकली असती. दादूनंही भिंतीकडे बघून तोच अंदाज बांधला आणि स्टूल जरा मागे घेतलं.

सन्मतीनं आजारी पडायचं ठरवलं. हिशेब सरळ होता. लालानं लालाबरोबर राहायला कुणाची हरकत नव्हती. अख्खं राज्य राहतच होतं. एकदा दिवा लाल झाला की तो घरी जायला मोकळा. आधी तो थंड पाण्यानं आंघोळ करून पंख्याखाली बसला. काही झालं नाही. आयुष्यभर न बोलावता येणारी सर्दी नेमकी रुसली. मग दवाखान्यातल्या बैठकीच्या वेळी त्यानं आपली खुर्ची उचलून तापाच्या रांगेत मधोमध नेऊन ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपुलकीनं 'खोका, खोका' म्हणू लागला.

चारेक दिवसांनी फ्लू आला. अंग भाजून निघालं, हाडं दुखायला लागली. सन्मतीनं आनंदानं मनगट वर करून बघितलं.

हिरवा.

मुख्य यंत्र त्याचा आकडा त्याच्याच आकड्याशी ताडून बघत होतं. फूटपट्टी वितळून वाकडी झाली तरी स्वतःला मोजताना ती एक फूटच भरणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बिघडलं ते बाकीच्यांचं. त्या सकाळी राज्यातले फ्लूचे बरेच रुग्ण एकदम हिरवे झाले. दवाखान्यांनी त्यांना हार घालून घरी सोडलं, आणि त्यातल्या काहींना लगोलग 'निरोगी' म्हणून नेमणुका मिळाल्या. निंबोळ्याच्या शाळेत खिचडी शिजत असताना खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ घोंगडी पांघरून कुडकुडत बसले होते. त्यांचं नाव फळ्यावर लिहून वर 'आदर्श' असं लिहिलं होतं.

आणि मैदानावर मुलींचा सराव चालू असताना एकीनं किंकाळी मारली, "बाई, तुमचा हिरवा!"

राजमतीनं मनगट बघितलं. सन्मतीचा तापातला आकडा वर चढत चढत तिच्या नेहमीच्या आकड्याला येऊन मिळाला होता. तिनं शिट्टी मुलीच्या हातात दिली आणि पळत सुटली. फाटकाशी दादू आडवा आला. तिनं मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. दादूनं सलाम ठोकला.

खोलीत सन्मती पांघरुणाचा गोळा होऊन पडला होता.

"तू भिंत वलांडलीस?" तो पुटपुटला.

"दारातनं आलो. सरकारमान्य हाय मी आता." तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढला. "आई गं! काय करून घेतलासा हे?"

"प्रयत्न केला."

तिनं ओल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या, मऊ भात भरवला, खिडक्या पुसल्या, डास मारले, दादूला मच्छरदाणी आणायला पिटाळलं. त्या खोलीत बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. सन्मती ग्लानीतसुद्धा हसत होता. संध्याकाळी तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा दोघांचे दिवे शेजारी शेजारी हिरवे दिसत होते.

"असंच राहूया," तो म्हणाला. "ताप काय, सवय व्हईल."

"गप पडा."

पण ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागायला लागली, बोलताना शब्द तुटायला लागले. राजमतीनं डॉ. टिळेकरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, फ्लूचं औषध आत्ताच्या आत्ता सुरू करा, छातीत उतरतंय. राजमती औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं तिचा दिवा बघितला, रुग्णाचा रंग विचारला आणि हात जोडले : हिरव्याला औषध विकलं तर परवाना जातो. शेवटी आक्का गेली. आक्का लाल होती, तिला दुकानातलं काहीही मिळायचं.

गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन राजमती पलंगावर बसली. सन्मतीनं तोंड फिरवलं.

"उद्या घेतो."

"आत्ता."

"राजी, डोकं चालव. ही घेतली की माझा आकडा खाली येणार. माझा खाली आला की तुझा लाल. की चाललीस तू फाटकाभायेर."

"ठावं हाय मला."

"अजून दोन दिवस. मग घेतो, आईशप्पथ."

"दोन दिवसांनी तुम्ही असशीला का?" ती म्हणाली. ती कधी नव्हे ते हळू बोलली, आणि त्यामुळेच त्याला भीती वाटली. "फाटकाच्या भायेर उभं राहून तुमच्याशी वरडायचं मला जमतंय. आत बसून फोटोशी बोलायचं जमणार न्हाई. आ करा."

त्यानं तोंड उघडलं.

औषधानं दोन दिवसांत आपलं काम केलं. धाप कमी झाली, मग घाम आला, मग भूक. तो पोळी मागायला लागला तेव्हा राजमतीनं पदराच्या काठाखाली आपलं मनगट झाकलं. त्यानं झाकताना बघितलं आणि ताट पुढे ओढलं. दोघांनी निवांत जेवण केलं. तिनं भांडी घासली, मच्छरदाणीचं भोक शिवलं, त्याचे केस विंचरून दिले. मग दारावर टकटक झाली. दादू खालमानेनं उभा होता.

"वैनी, मुख्य यंत्राचा निरोप आलाय. सकाळपास्नं तुमचं लाल दाखवतंय म्हणं."

"आलो, आलो. भाकरी खाल्लास का तू?" असं म्हणत तिनं डबा उचलला आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. तिथून ओरडली, "अहो! आवाज येतोय का?"

"येतोय!" सन्मती ओरडला. त्याला आता दमही लागला नाही.

आयुक्तालयाच्या नोंदीत त्या आठवड्यात प्रमाण स्थिर होतं, म्हणजे श्री. मगदूम निरोगीच होते. फ्लूची साथ आली नव्हती. राजमतीबाईंना हिरवा दिवा लागल्याची नोंद तांत्रिक दोष म्हणून काढून टाकण्यात आली.

बरं वाटल्यावर सन्मतीनं पुढील अर्ज केला.

प्रति,
मा. आयुक्त, निरामय आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य.

विषय : आजारी घोषित करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, मी खाली सही करणार, निरोगी (तालुका स्तर), अर्ज करतो की, राज्यातील सर्व नागरिक आजारी असून आपापल्या घरी सुखाने नांदत आहेत. सदर सुविधेपासून फक्त मी वंचित आहे. माझ्या पत्नीस प्रमाण मानावे अशी मागणी करण्याचा विचार होता, परंतु तसे केल्यास ती हिरवी व मी लाल होऊन फाटक तेच राहील व फक्त बाजू बदलेल, हे तिने निदर्शनास आणून दिले आहे. दोघांनाही निरोगी धरण्याची तरतूद नाही याची मला कल्पना आहे. तरी माझ्या प्रकृतीत कोणताही बदल न करता मला इतरांप्रमाणे कायमस्वरूपी आजारी घोषित करावे, आणि माझ्या पत्नीला माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल इतक्या अंतरावर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

सोबत अर्जदार निरोगी असल्याचा चालू महिन्याचा दाखला जोडला आहे. त्याशिवाय अर्ज स्वीकारला जात नाही.